सुरीआधी सुई: तरुणांच्या मणक्यातल्या सार्कोमाबद्दल

एका ताईंचा प्रश्न आलाय. धाकटा भाऊ सोळा वर्षांचा. चार-पाच महिने पाठ दुखत होती. खेळताना पडला होता, म्हणून सगळ्यांनी तेच कारण धरलं, गोळ्या झाल्या, शेक झाला. गेला महिनाभर तो रात्री झोपेतून उठून बसतो. एमआरआयमध्ये छातीच्या भागातल्या आठव्या मणक्यात गाठ दिसली. ती मागच्या नळीत शिरून मेरुरज्जूला, म्हणजे मणक्यांच्या नळीतून जाणाऱ्या नसांच्या मुख्य दोरीला, टेकली आहे आणि रिपोर्टच्या तळाशी 'इविंग सार्कोमाची शक्यता' असं लिहिलंय. एक सर्जन म्हणतात, परवा ऑपरेशन करून गाठ काढून टाकू. दुसरे म्हणतात, आधी सुईने तुकडा घेऊ, मग बहुधा केमो, ऑपरेशनचं नंतर बघू. मुलगा अजून नीट चालतो. ताई विचारतात: कुणाचं ऐकू? पडल्यामुळे झालं का हे? आणि तो पुढे चालेल ना?

मी मणक्याच्या गाठींचीच ऑपरेशनं करतो, त्यामुळे माझा कल सुरीकडे असेल असं वाटणं साहजिक आहे. तरी इथे मी दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने आहे. फक्त एक अट आहे, पायांची. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. फिल्म मी पाहिलेली नाही, निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील. त्यांच्यासमोर बसाल तेव्हा काय विचारायचं आणि का, तेवढं या उत्तरातून कळलं तरी पुष्कळ.

हाड, कूर्चा, स्नायू, चरबी, नसांची आवरणं अशा शरीराला आधार देणाऱ्या ऊतींमधून जो कॅन्सर उठतो तो सार्कोमा. मोठ्यांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा सुमारे एक टक्का. मुलांमध्ये तो दहा टक्क्यांच्या पुढे जातो. त्यातले मणक्यात सुरू होणारे अगदी थोडे, म्हणून बहुतेक डॉक्टरांना उभ्या आयुष्यात असे एक-दोनच पेशंट दिसतात. अडचण अशी की सार्कोमा हा एक आजार नाहीच. मणक्यात दिसणाऱ्या प्रकारांपैकी एकाला जे औषध रामबाण ठरतं ते दुसऱ्याला शिवतही नाही, आणि एमआरआयवर हे प्रकार एकमेकांसारखे दिसू शकतात.

इविंग सार्कोमा घ्या. जेम्स इविंग यांनी १९२१ मध्ये त्याचं वर्णन केलं. तो प्रामुख्याने दहा ते वीस या वयात होतो. मणक्यात झाला तर बऱ्याचदा त्रिकास्थीत, म्हणजे कमरेखालच्या जोडलेल्या हाडात. कधीकधी हाडाला हात न लावता थेट नळीत, मेरुरज्जूच्या आवरणाबाहेर वाढतो. वेगाने वाढतो, पण केमो आणि रेडिएशन दोन्हीला दाद देतो. ऑस्टिओसार्कोमाचं याच्या उलट. तो बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपास होतो, मणक्यात पाच टक्क्यांहून कमी. त्याला केमो लागतेच, पण नेहमीच्या मात्रेच्या रेडिएशनला तो दाद देत नाही, आणि गाठ अख्खी, न फोडता निघाली तरच खरी आशा असते. मेसेन्कायमल कॉन्ड्रोसार्कोमा हा तरुणांतला दुर्मीळ प्रकार मेरुरज्जूच्या आवरणातूनही उठतो. सायनोव्हियल सार्कोमा आणि ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा मणक्याच्या बाजूच्या मऊ भागात होतात आणि नसांच्या छिद्रांतून आत सरकतात. ज्यांना न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ आहे, म्हणजे अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग आणि नसांवर गाठी, त्यांच्यात एखादी जुनी गाठ अचानक वाढू किंवा दुखू लागली तर ती घातक झाली असं आधी धरूनच तपासावं लागतं. अशा व्यक्तींना आयुष्यभरात नसेच्या आवरणाचा सार्कोमा होण्याची शक्यता ८ ते १३ टक्के असते. कॉर्डोमा एरवी मोठ्या वयाचा आजार, पण लहान मुलांत त्याचं एक आक्रमक रूप दिसतं, ज्यात आयएनआय१ नावाचं प्रथिन पेशींतून नाहीसं झालेलं असतं.

आणि या यादीत सार्कोमा नसलेले सोंगाडेही आहेत. लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिसमध्ये मणका चपटा होऊन पापडासारखा दिसतो, पण आजार बहुतेक वेळा सौम्य असतो. अॅन्युरिझमल बोन सिस्ट, ऑस्टिओब्लास्टोमा, लिंफोमा, ल्युकेमिया हे सगळे मणका पोखरू शकतात. जिथे क्षयरोग सर्रास आढळतो तिथे तर मणक्यातली कुठलीही पोकळी आधी टीबी समजली जाते आणि फिल्म पाहून सहा-सहा महिने गोळ्या चालू राहतात. सहसा टीबी दोन मणक्यांमधली चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंची हाडं खातो, तर सार्कोमा चकती बऱ्याच काळ वाचवतो. ही खूण उपयोगी आहे, पण तिच्यावर एखाद्या मुलाचं आयुष्य टांगू नये. टीबी असला तरी तुकड्यातून तो सिद्ध करता येतो.

आता कळेल की 'परवा गाठ काढू' याला माझा आक्षेप का आहे. काय काढतोय हेच माहीत नाही. लिंफोमा निघाला तर एवढ्या मोठ्या ऑपरेशनची बहुतेक वेळा गरजच नसते. इविंग निघाला तर केमो आधी सुरू व्हायला हवी होती आणि आता जखम भरेपर्यंत दोन-तीन आठवडे थांबावं लागणार. ऑस्टिओसार्कोमा किंवा कॉन्ड्रोसार्कोमा निघाला तर सगळ्यात वाईट, कारण मणक्याची मागची हाडाची कमान उघडून गाठ तुकड्यातुकड्यांनी खरवडली की तिच्या पेशी नळीभर, स्नायूंत, रक्तात पसरतात, आणि अख्खी गाठ एकसंध काढण्याची जी एकच संधी होती ती जाते. शिवाय गाठ बहुधा मणक्याच्या पुढच्या भागात असते. मागची कमान काढली की मेरुरज्जूला थोडी जागा मिळते, पण गाठ जागच्या जागी राहते आणि पुढचा पोखरलेला मणका आणखी अस्थिर होतो. वाढत्या वयाच्या मुलाला पुढे पोक येतो तो वेगळाच.

सुईची बायॉप्सी ऐकायला किरकोळ वाटते. ती नीट केली तर किरकोळच असते, चुकीच्या जागेतून केली तर पुढचं सगळं ऑपरेशन बिघडवते. म्हणून ती कशी होते ते जरा जवळून सांगतो. मुलाला सीटीच्या टेबलावर पालथं झोपवतात, गुंगी किंवा पूर्ण भूल देतात. मणक्याचा पुढचा गोल भाग आणि मागची कमान यांना जोडणारे हाडाचे दोन आखूड दुवे असतात, त्यांना पेडिकल म्हणतात. शक्य असेल तर सुई त्यातल्या एका पेडिकलमधून, हाडाच्याच भुयारातून पुढे नेतात. भोवती हाडाच्या भिंती असल्यामुळे रक्त आणि पेशी आजूबाजूच्या स्नायूंत फारशा झिरपत नाहीत. दर दोन-चार मिलिमीटरला सीटीचं चित्र घेऊन टोक कुठे आहे ते बघतात. मेलेला, सडलेला मधला भाग टाळून गाठीच्या जिवंत कडेचे तीन-चार तुकडे घेतात. त्वचेवरच्या छिद्राची जागा खुणेने कायम ठेवतात, कारण पुढे मोठं ऑपरेशन झालंच तर सुईची ती वाट गाठीसोबत कापून काढावी लागू शकते. म्हणून माझा आग्रह असा असतो की पुढे ऑपरेशन करणाऱ्यानेच सुईची वाट ठरवावी. सुई रेडिओलॉजिस्टने घातली तरी चालेल, पण दोघांनी आधी फिल्मसमोर उभं राहून बोललेलं असावं.

तुकडे निघाल्यावरची एक गोष्ट फारसं कुणी विचारत नाही. हाडाचा तुकडा कापता यावा म्हणून लॅबमध्ये त्यातलं कॅल्शियम काढतात. त्यासाठी तीव्र आम्ल वापरलं तर तुकड्यातला डीएनए आणि आरएनए खराब होतो आणि मग जनुकीय तपासणी जमत नाही. मऊ भागाचा एक तुकडा आम्लाशिवाय वेगळा ठेवा, असं बायॉप्सीच्या आधीच सांगून ठेवलं तर दुसऱ्यांदा सुई घालायची पाळी टळते. एक तुकडा जंतूंच्या आणि टीबीच्या तपासणीलाही जायला हवा.

ही जनुकीय तपासणी कशाला? इविंगच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली लहान, गोल, निळ्या दिसतात, पण तशा दिसणारे आजार बरेच आहेत. सीडी९९ नावाची खूण इविंगमध्ये ठळक उमटते, पण ती काही लिंफोमांतही उमटते. खरा पुरावा म्हणजे ११ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अडकून तयार झालेलं ईडब्ल्यूएसआर१-एफएलआय१ हे जोडजनुक. सुमारे ८५ टक्के इविंगमध्ये ते सापडतं, उरलेल्यांपैकी बहुतेकांत त्याचं भावंड, ईडब्ल्यूएसआर१-ईआरजी. पूर्वी 'इविंगसारखे' म्हणून एकाच टोपलीत टाकलेले सीआयसी आणि बीसीओआर जनुकांच्या फेरबदलाचे सार्कोमा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात वेगळे मांडले गेले, कारण त्यांची वागणूक वेगळी आहे. सीआयसीचा प्रकार इविंगच्या केमोला तितकासा जुमानत नाही. तुमच्या भावाच्या रिपोर्टवर 'स्मॉल राउंड सेल ट्यूमर' एवढंच लिहून आलं, तर तो रिपोर्ट अपुरा आहे. मेणात बसवून जपलेला तुकडा, म्हणजे पॅराफिन ब्लॉक, सार्कोमा बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवा.

बायॉप्सीसोबत, तिची वाट न बघता, आजार आणखी कुठे आहे हेही पाहून घ्यायचं. संपूर्ण पाठीचा एमआरआय, छातीचा सीटी आणि बहुतेक वेळा पेट-सीटी. सार्कोमा सर्वांत आधी फुप्फुसात जातो. इविंगमध्ये निदान होतं तेव्हा साधारण चारात एकाला आजार दुसरीकडे पोचलेला असतो.

आता ती अट. वर लिहिलेला सगळा क्रम पाय ठीक असतील तोवरच. छातीच्या भागात मणक्यांची नळी अरुंद असते आणि तिथला मेरुरज्जूचा रक्तपुरवठाही बेताचा, म्हणून तिथे गाठ थोडी वाढली तरी परिस्थिती एका रात्रीत पालटू शकते. निदान पूर्ण होईपर्यंत रोज संध्याकाळी घरीच पाच मिनिटं तपासा. त्याला टाचांवर चालायला लावा, मग चवड्यांवर. जिना चढताना कठडा धरतो का बघा. पाय जुळवून, डोळे मिटून उभा राहिला की डोलतो का? शेजारी उभ्या राहा, पडू देऊ नका. कापसाचा बोळा पायापासून वर छातीपर्यंत फिरवा आणि विचारा, कुठे स्पर्श बोथट लागतो? बेंबीच्या थोडं वर एखादी रेघ असावी आणि तिच्याखाली सगळं बधिर वाटावं, अशी रेघ तो दाखवू लागला तर ते मेरुरज्जूवरच्या दाबाचं लक्षण आहे. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो का, भरल्याचं कळतं का, हे त्याला एकट्याला विचारा. सोळा वर्षांचा मुलगा आईसमोर हे सांगत नाही. यातलं काहीही नवीन दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री हॉस्पिटलात जा, आणि तेही जिथे मणक्याचं ऑपरेशन करणारी टीम हजर असते तिथे.

अशा रात्री काय होतं? सूज उतरवायला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सहसा सुरू होतं. पण निदान झालेलं नसेल आणि लिंफोमाची शंका असेल तर स्टिरॉइडने गाठ विरघळून तुकड्यात काहीच न सापडण्याचा धोका असतो. म्हणून तास-दोन तासांत बायॉप्सी शक्य असेल तर आधी ती. पाय झपाट्याने जात असतील तर थांबायचं नाही. मेरुरज्जू मोकळा करायचा, त्याच वेळी तुकडा घ्यायचा, आणि मणका अस्थिर असेल तर स्क्रू-रॉडने धरायचा. अशा वेळी गाठ एकसंध काढण्याचं गणित मागे पडतं आणि तेच योग्य असतं. पण इविंग आधीच सिद्ध झालाय आणि अशक्तपणा थोडा, स्थिर आहे, तर तातडीची केमो हाही दाब कमी करण्याचा खरा मार्ग आहे. पहिल्या एक-दोन केमोनंतर काढलेल्या एमआरआयमध्ये, आधी गाठीने चेपलेल्या मेरुरज्जूभोवती पाण्याचं पांढरं कडं पुन्हा दिसू लागतं. नळीतला मऊ भाग असा ओसरतो की सर्जनलाही काही काळ बाजूला बसून बघावंसं वाटतं.

इविंगची आजची प्रचलित केमो म्हणजे व्हिनक्रिस्टीन, डॉक्सोरुबिसीन, सायक्लोफॉस्फमाइड एका फेरीत आणि आयफॉस्फमाइड, एटोपोसाइड पुढच्या फेरीत, आलटून पालटून. ती तीन आठवड्यांऐवजी दर दोन आठवड्यांनी दिली तर निकाल सुधारतात, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. पाच वर्षांनी आजार न उलटलेले ६५ वरून ७३ टक्के झाले. आजार पसरलेला नसलेल्या पेशंटची ती चाचणी होती. फेऱ्या वेळेवर होणं म्हणून महत्त्वाचं. 'या आठवड्यात अशक्तपणा आहे, पुढच्या आठवड्यात येतो' असं घरच्या घरी ठरवू नका. पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं त्यासाठीच देतात. ऑस्टिओसार्कोमाला वेगळी त्रयी लागते: जास्त मात्रेतलं मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसीन आणि सिसप्लॅटिन.

साधारण तीन महिन्यांच्या केमोनंतर प्रश्न येतो मूळ जागेचं काय करायचं. इथे माझं काम सुरू होतं. मणका म्हणजे मेरुरज्जूभोवतीचं हाडाचं कडं. ते अख्खं काढायचं तर कुठेतरी कापून मेरुरज्जूवरून सोडवावं लागतं, आणि तो काप गाठ नसलेल्या जागी पडला तरच 'एकसंध काढली' म्हणता येतं. स्वीडनच्या बर्टिल स्टेनर यांनी असा अख्खा मणका काढल्याचं १९७१ मध्ये नोंदवलं. पुढे जपानच्या कात्सुरो तोमिता यांनी तारेच्या बारीक करवतीने दोन्ही पेडिकल कापून मणका दोन भागांत, मागूनच काढण्याची पद्धत बसवली. १९९७ मध्ये मांडलेल्या एका पद्धतीत मणक्याच्या आडव्या छेदाचे बारा भाग करतात आणि गाठ कोणत्या भागांत, किती खोल आहे ते लिहितात. काप कुठून घ्यायचा, घेता येईल की नाही, हे त्यावरून ठरतं. तुमच्या सर्जनना विचारा, 'कमीत कमी एक पेडिकल मोकळा आहे का?' या एका प्रश्नाचं उत्तर बरंच काही सांगून जातं.

जागेप्रमाणे किंमत बदलते. छातीच्या भागात एक-दोन नसा बांधून टाकल्या तर बरगडीजवळ पट्ट्यासारखा बधिरपणा येतो, बस. मानेत तीच नस हाताची असते, कमरेत पायाची. त्रिकास्थीत दुसऱ्या-तिसऱ्या जोडीच्या नसा गेल्या की लघवी, शौच आणि लैंगिक संवेदना यांवर कायमचा परिणाम होतो. म्हणून त्रिकास्थीतल्या इविंगला बरेचदा फक्त रेडिएशन देणं शहाणपणाचं ठरतं. इविंगमध्ये ही सोय आहे, ऑस्टिओसार्कोमा आणि कॉर्डोमात ती जवळपास नाही. तिथे नसांची किंमत मोजून ऑपरेशन करायचं की प्रोटॉन किंवा कार्बन आयन यांसारखे जास्त मात्रा अचूक पोचवणारे किरण द्यायचे, याचा निर्णय पेशंटसोबत, वेळ घेऊन करायचा असतो.

रेडिएशनची मर्यादा मेरुरज्जू ठरवतो. नेहमीच्या लहान लहान हप्त्यांत एकूण ५० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) मात्रेला मेरुरज्जूला इजा होण्याचा धोका सुमारे ०.२ टक्के असतो, ६० ग्रेला तो ६ टक्क्यांपर्यंत जातो. इविंगला साधारण ४५ ते ५५ ग्रे लागतात, म्हणजे बसतं, पण काठाकाठाने. वाढत्या मुलाच्या मणक्याचा फक्त अर्धा भाग किरणांत आला तर तेवढीच बाजू वाढायची थांबते आणि पाठ वाकते, म्हणून संपूर्ण मणका समान मात्रेत घेतात. ऑपरेशनमध्ये धातूचे रॉड घातलेले असतील तर किरणांचा हिशोब आणि पुढचे एमआरआय दोन्ही गढूळ होतात. हल्ली कार्बन फायबरचे रॉड-स्क्रू मिळतात, ते यासाठीच. रेडिएशन होणार हे आधीच ठरलेलं असेल तर सर्जननी रेडिएशनच्या डॉक्टरांशी ऑपरेशनच्या आधी बोलायला हवं.

गाठ थेट मेरुरज्जूच्या आत असेल तर ही सगळी चर्चा बदलते. तरुणांत मेरुरज्जूच्या आतल्या गाठी बहुतांशी एपेन्डायमोमा किंवा अॅस्ट्रोसायटोमा असतात, सार्कोमा विरळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मज्जासंस्थेच्या गाठींच्या वर्गीकरणात सीआयसी जनुकातल्या बदलाचा सार्कोमा आणि इविंग यांना स्वतंत्र जागा आहे. इथे भोवतालचा निरोगी पदार्थ घेऊन गाठ काढणं शक्यच नसतं, कारण तो पदार्थ म्हणजे चालणं-फिरणं. सूक्ष्मदर्शकाखाली, हातापायांच्या विद्युतसंदेशांवर सतत लक्ष ठेवत, जेवढं सुरक्षित तेवढंच काढतात. मेंदूपासून खालपर्यंतचा एमआरआय आणि पाठीच्या पाण्याची तपासणी त्यासोबत लागते. तुमच्या भावाची गाठ हाडातली आहे, त्यामुळे हे त्याला लागू नाही.

पडल्यामुळे झालं का? नाही. पडल्याने सार्कोमा होत नाही. पडल्यामुळे दुखऱ्या जागेकडे लक्ष जातं, किंवा आधीच पोखरलेला मणका थोड्या धक्क्याने पिचतो. घरातल्या कुणी शेक दिला, उशिरा नेलं, हा दोष आता कुणाच्या माथी मारू नका. या वयात पाठदुखी बहुतेक वेळा साधीच असते. फक्त रात्री वाढणारी, विश्रांतीने न थांबणारी, आठवड्यागणिक चढत जाणारी पाठदुखी आणि दुखणारा बाक, या दोन गोष्टी वेगळ्या. त्यावर एक्स-रे नॉर्मल आला तरी समाधान मानू नये. इविंगचं जोडजनुक फक्त गाठीत असतं, ते आई-वडिलांकडून येत नाही. काही इतर सार्कोमांत मात्र घराण्याचा भाग असतो: टीपी५३, आरबी१, एनएफ१, डायसर१ अशी जनुकं. घरात लहान वयात कॅन्सर झालेले बरेच असतील तर जनुकीय सल्ला घ्या.

केमोच्या आधी एक काम आहे आणि ते घाईत राहून जातं. सायक्लोफॉस्फमाइड, आयफॉस्फमाइड या औषधांनी पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. सोळा वर्षांच्या मुलाचं वीर्य गोठवून ठेवणं एक-दोन दिवसांत होतं. हा विषय तुम्ही, आई-वडिलांनी काढायला अवघड वाटत असेल तर डॉक्टरांना त्याच्याशी एकट्याने बोलायला सांगा. मुलींसाठी बीजांड किंवा अंडाशयाचा तुकडा गोठवण्याचा पर्याय असतो, त्याला थोडा जास्त वेळ लागतो. डॉक्सोरुबिसीन हृदयावर परिणाम करतं, म्हणून सुरुवातीला आणि मधून मधून इको करतात. सिसप्लॅटिन असेल तर कानाची तपासणी.

चालेल ना? उपचार सुरू होताना पाय कसे आहेत, हेच पुढचं सगळ्यात भरवशाचं भाकीत. आज तो चालतोय, ही फार मोठी जमेची बाजू आहे, आणि रोज संध्याकाळची तपासणी तीच जपण्यासाठी आहे. आयुष्याबद्दल विचारलं नाहीत, पण मनात असेल. एका जागेपुरता असलेला इविंग सुमारे ७० टक्के पेशंटमध्ये पाच वर्षांच्या टप्प्यापलीकडे जातो. पसरलेला असेल तर हा आकडा ३० च्या आसपास येतो. मणका आणि कंबर इथला आजार हातापायातल्यापेक्षा थोडा अवघड, कारण तो पूर्ण काढणं कठीण. केमोला गाठ किती मेली, हे कळेपर्यंत मी स्वतः कुणालाही यापुढचा आकडा सांगत नाही.

उपचारानंतर पहिली दोन-तीन वर्षं दर तीन महिन्यांनी छातीची आणि मणक्याची तपासणी, मग अंतर वाढत जातं. इविंग उशिरानेही उलटू शकतो, म्हणून पाच वर्षांनी रजा घेऊ नका. उंची वाढायची थांबेपर्यंत पाठीचा बाक मोजत राहतात.

पहिल्या सर्जनना तोडून टाकू नका. कदाचित त्यांना पायांत काहीतरी असं दिसलं असेल जे तुम्हाला सांगितलं नाही. सरळ विचारा: 'परवाच करायचं कारण पायांतला अशक्तपणा आहे का?' उत्तर हो असेल तर काय दिसलं ते लिहून घ्या आणि त्याच दिवशी दुसऱ्या डॉक्टरांना कळवा. उत्तर नाही असेल तर सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून केस बघतात अशा ठिकाणी या आठवड्यात पोचा. एमआरआयची सीडी सोबत घ्या, कागदावरचे छापील फोटो पुरत नाहीत. तोवर पाठीला मालीश नको, हाडं बसवणाऱ्याकडे नेणं नको, जड दप्तर नको. पट्टा लावायचा का, हे मणका किती खचलाय त्यावर ठरेल, मनाने लावू नका. आणि बायॉप्सीचा रिपोर्ट आला की त्याची प्रत आणि पॅराफिन ब्लॉक कुठे ठेवलेत याची नोंद मागून घ्या. दुसऱ्या मतासाठी ते लागतील.